आधी वजन की आधी टोक?

मेणबत्ती जळून संपते. 'मेण कुठे गेले?' असे वर्गात विचारले, तर 'नाहीसे झाले' हे उत्तर हमखास येते. रंग बदलला, वायू सुटला, साका बसला, उष्णता निर्माण झाली, अशा रासायनिक बदल ओळखण्याच्या खुणा आपण मुलांना शिकवतो. पण त्या बदलात द्रव्याचा हिशेब कसा लागला, हे खुणांवरून कळत नाही. तो हिशेब जुळवायला शास्त्रज्ञांनाही शंभर वर्षे लागली.

कथील भरपूर तापवले की त्याची चकाकी जाते आणि पांढरट भस्म उरते. हे भस्म मूळ कथलापेक्षा जड भरते, ही गोष्ट सतराव्या शतकात युरोपात माहीत होती. मग हे जास्तीचे वजन आले कुठून?

रॉबर्ट बॉईलने कथील काचेच्या पात्रात घालून पात्राचे टोक वितळवून बंद केले आणि ते तापवले. नंतर टोक फोडले, तेव्हा बाहेरची हवा आवाज करीत आत शिरली. मग त्याने वजन केले. ते वाढले होते! पात्र तर बंद होते. तेव्हा अग्नीचे सूक्ष्म कणच काच भेदून आत गेले असावेत, असा निष्कर्ष त्याने १६७३ मध्ये प्रसिद्ध केला.

यात चूक कुठे झाली? पुढे वाचण्यापूर्वी हा प्रश्न विद्यार्थ्यांना जरूर विचारावा.

पॅरिसमध्ये लॅव्हाझिएने १७७४ मध्ये हाच प्रयोग पुन्हा केला, फक्त वजन टोक फोडण्यापूर्वी केले. वजनात फरक नव्हता. म्हणजे अग्नीतून काहीच आत आले नव्हते. टोक फोडल्यावर हवा आत शिरली आणि वजन वाढले; ही वाढ कथलाच्या वजनातील वाढीशी जवळजवळ जुळली. बंद पात्रातील हवेचाच एक भाग कथलाशी संयोग पावला होता. रशियात लोमोनोसॉव्हने १७५६ मध्ये असाच प्रयोग केला होता, पण तो युरोपात फारसा कोणाला कळला नाही. अभिक्रियेपूर्वीचे व नंतरचे एकूण द्रव्य सारखेच, हे तत्त्व लॅव्हाझिएने १७८९ च्या आपल्या ग्रंथात स्पष्टपणे मांडले.

बॉईलची चूक आपल्या वर्गातही होते. बाटलीत व्हिनेगर, तोंडावर फुग्यात खाण्याचा सोडा, असा प्रयोग आपण करतो. फुगा फुगतो, पण नाजूक तराजूवर वजन कमी दिसते आणि शिक्षक गोंधळतात. अर्धा लिटर फुगलेला फुगा सुमारे ०.६ ग्रॅम हवा बाजूला सारतो. तेवढा हवेचा उद्धारक बल वजन कमी दाखवतो. द्रव्य कुठेही गेलेले नसते.

त्याऐवजी शीतपेयाची एक लिटरची प्लॅस्टिकची बाटली घ्यावी. तळाशी थोडे व्हिनेगर ओतून, २ ग्रॅम सोडा कागदाच्या पुडीत आत सोडावा आणि लगेच झाकण घट्ट लावावे. हे सारे साहित्य आधीच एकत्र तोलून ठेवावे. अभिक्रिया संपल्यावर पुन्हा तोलावे. वजन तेच भरेल. आता झाकण उघडा. फुस्स आवाज होईल आणि वजन घटेल. बॉईलच्या पात्रात हवा आत शिरली होती, इथे वायू बाहेर पडला, एवढाच फरक.

नियम पाठ करून घेण्यापेक्षा ते दोन आकडे फळ्यावर लिहावेत आणि मुलांना विचारावे : आपण वजन केव्हा केले?