वकिलातीची पायरी

आमच्या सावद्यात कुणी परदेशी निघाले, की बातमी सर्वांत आधी झेरॉक्सच्या दुकानात फुटते. सातबारा, आठ-अ, घरपट्टीची पावती, बँकेचे पासबुक आणि जुनी लग्नपत्रिका एवढे कागद कुणी एकदम पुढे केले, की दुकानदार यंत्राचे झाकण उघडता उघडता विचारतो, "मुलाकडे का?" मी शाळेत इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर गल्लीतल्यांचे इंग्रजी फॉर्म भरून देण्याचे काम कसे कुणास ठाऊक, माझ्याकडे आले. त्यात दोन गोष्टी हटकून आडव्या येतात. एक म्हणजे जन्मतारीख. माझ्या पिढीतल्या अर्ध्या माणसांचा वाढदिवस १ जूनला असतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख लिहिली. दुसरी म्हणजे बायकांचे नाव. माहेरचे एक, सासरचे दुसरे, आणि मतदार यादीत तिसरेच.

गल्लीतल्या आक्कांचा फॉर्म असाच माझ्याकडे आला. सुनेचे बाळंतपण होते, मुलगा परदेशात नोकरीला. कोणत्या देशात ते सांगत नाही, त्याने फरक पडत नाही. भुसावळहून रात्रीच्या गाडीने पहाटे दादरला उतरायचे आणि वकिलातीत मुलाखत द्यायची. कागद लावता लावता आक्कांनी मला विचारले, "सर, जायाचं त्यांच्या देशात, मंग परीक्षा आपल्या मुंबईत काहून?"

मी काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. पण प्रश्न इतिहासाचा होता आणि रास्त होता.

१८८३ साली आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्यांना कुणाचाही व्हिसा लागला नाही. लागले ते बोटीचे तिकीट आणि समाजाचे बोलणे ऐकून घेण्याची ताकद. १९१३ मध्ये बडोदे सरकारची शिष्यवृत्ती घेऊन आंबेडकर न्यूयॉर्कला गेले, त्यांचीही मुंबईत कुणी परीक्षा घेतली नाही. तपासणी होत असे ती पलीकडच्या बंदरावर, उतरल्यानंतर. दार त्यांच्या घराला होते आणि तिथेच वाजवायचे होते.

या पद्धतीत एक क्रूरपणाही होता. १९१४ मध्ये कोमागाटा मारू हे जहाज ३७६ हिंदी प्रवासी घेऊन कॅनडात व्हँकुव्हरला पोचले. त्यांत बहुतेक पंजाबी होते. मूठभर लोक सोडून कुणाला उतरू दिले नाही. दोन महिने जहाज किनाऱ्यासमोर उभे राहिले आणि मग परत फिरवले गेले. कलकत्त्याजवळ बजबज येथे पोचल्यावर गोळीबार झाला आणि त्यात माणसे मेली. जमीन विकून, कर्ज काढून समुद्र ओलांडायचा आणि मग 'नाही' ऐकायचे, त्यापेक्षा ते मुंबईतच ऐकलेले बरे, असे कुणी म्हटले तर मी वाद घालणार नाही.

पण दार मुंबईला आले ते काही दयेपोटी नव्हे. पहिले महायुद्ध सुरू झाले आणि प्रत्येक सरकारला प्रत्येक प्रवासी हेर वाटू लागला. हिंदुस्थानात १९१७ मध्ये पासपोर्टचे युद्धकालीन नियम आले. युद्ध संपले तरी ते गेले नाहीत, १९२० मध्ये त्यांचा कायदा झाला. (तो कायदा इतका चिवट, की २०२५ साली नवा कायदा आला तेव्हा कुठे रद्द झाला.) त्याच १९२० साली राष्ट्रसंघाने पॅरिसला परिषद भरवून पासपोर्टचे पुस्तक कसे असावे, पाने किती असावीत हे ठरवले. मग १९२४ मध्ये अमेरिकेने कायदा केला आणि युद्धकाळातली एक सवय पक्की केली. बोटीत चढण्यापूर्वीच परक्या माणसाने आपल्या देशात बसलेल्या अमेरिकी कॉन्सलकडून व्हिसा घ्यायचा. आक्कांच्या प्रश्नाचे उत्तर मुख्यतः या कायद्यात आहे. सरहद्द समुद्रापलीकडून उचलून कॉन्सलच्या टेबलावर ठेवली गेली.

हा कॉन्सल मुळात कशासाठी होता? कॉन्सुलेटला सरकारी मराठीत आपण 'वाणिज्य दूतावास' म्हणतो, त्या शब्दातच उत्तर आहे. तो व्यापाराचा माणूस. अमेरिकेची मुंबईतली वकिलात १८३८ पासूनची आहे. आपल्या जहाजांचे आणि आपल्या व्यापाऱ्यांचे हित पाहायचे, हे जुन्या कॉन्सलांचे काम. गाठी-गासड्यांचे कागद पाहणारा माणूस पुढे माणसांचे कागद पाहू लागला.

हिंदी माणसाला तर तिथे कायमचे राहण्याची बंदीच होती. १९४६ मध्ये ती उठली आणि वर्षाला १०० जणांची मर्यादा ठरली. सगळ्या हिंदुस्थानातून शंभर! आमच्याकडच्या एका लग्नात याहून जास्त माणसे नुसती वाढपाला असतात. ही मर्यादा १९६५ च्या कायद्याने गेली आणि मग डॉक्टर, इंजिनिअर निघाले.

या सगळ्याचा खानदेशाशी संबंध काय, असे वाटेल. शेजारच्या फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. त्याला मानवेंद्रनाथ रॉय आले होते, नुकतेच तुरुंगातून सुटून. हे गृहस्थ १९१६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला उतरले ते 'फादर मार्टिन' म्हणून, आणि मेक्सिकोतून मॉस्कोला गेले तेही दुसऱ्याच नावाच्या मेक्सिकन पासपोर्टवर. फैजपूरच्या मांडवात ते रॉय म्हणूनच बसले होते, पण तेही त्यांचे जन्मनाव नव्हे.

मला मात्र रॉय यांच्यापेक्षा वर्ध्याकडच्या डॉ. पांडुरंग खानखोजे यांची गोष्ट जास्त लागते. ते शेतीचे शास्त्रज्ञ आणि गदर चळवळीतले क्रांतिकारक. १९०६ च्या सुमारास देश सोडला, अमेरिकेत शेती शिकले, १९२४ मध्ये मेक्सिकोला पोचले. तिथे चापिंगोच्या शेती विद्यालयात शिकवले, मक्याच्या वाणांवर काम केले. दिएगो रिवेरासारख्या थोर चित्रकाराने भिंतीवर त्यांचे चित्र रंगवले. देश स्वतंत्र झाला आणि या माणसाने परत येण्यासाठी व्हिसा मागितला. तो आधी नाकारला गेला. इंग्रजांनी केलेल्या काळ्या यादीत त्यांचे नाव होते आणि इंग्रज गेले तरी यादी कपाटात तशीच होती. ज्या देशासाठी आयुष्य परदेशात काढले, त्याच देशाच्या कचेरीत परका म्हणून अर्ज! पुढे नकार मागे घेतला गेला, ते आले, नागपूरला राहिले आणि १९६७ मध्ये तिथेच वारले. कचेरीतल्या कारकुनाचा त्यात दोष नसावा. त्याच्यापुढे यादी होती, माणूस नव्हता.

त्याच १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने सतवंतसिंग साहनी खटल्यात निकाल दिला, की परदेशी जाण्याचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे आणि सरकारला लहर लागली म्हणून पासपोर्ट अडवता येणार नाही. पासपोर्टचा कायदा लगेच आला. म्हणजे आपल्या घराचे दार आतून उघडण्याचा हक्क आपल्याला मिळाला. समोरच्याच्या दाराचे काय? इंग्लंडला १९६२ पर्यंत आपला माणूस सहज जाई. त्या वर्षी निर्बंध आले आणि १९८६ पासून भेटीलाही व्हिसा लागू झाला. अमेरिकेचा १९५२ चा कायदा तर सरळ सांगतो, की भेटीला येणारा प्रत्येक जण राहायलाच येतोय असे धरून चालावे, आणि तसे नाही हे त्याने अधिकाऱ्याला पटवून द्यावे. न्यायालयात आरोपी निर्दोष धरला जातो, इथे उलटे. आणि या निर्णयावर सहसा अपीलही नाही.

मुंबईच्या भुलाभाई देसाई रस्त्यावरची अमेरिकी वकिलातीची रांग अनेकांना आठवत असेल. ती इमारत पूर्वीचा वांकानेरच्या महाराजांचा वाडा. १९५७ पासून २०११ पर्यंत वकिलात तिथे होती, मग वांद्रे-कुर्ला संकुलात गेली. महाराष्ट्र, गुजरात, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड एवढा मुलूख या एका कचेरीकडे. म्हणजे सावद्याचा माणूस आणि बऱ्हाणपूरचा माणूस राज्ये वेगळी असूनही त्याच रांगेत. याच गर्दीतून २००१ मध्ये मुंबईत एक धंदा जन्मला. व्हिसाचे अर्ज वकिलातीच्या वतीने गोळा करण्याचा. ती व्हीएफएस कंपनी पुढे जगभर पसरली.

तर आक्का. परत येण्याचा पुरावा म्हणून आम्ही सातबारा लावला होता, त्यावर पिकाच्या रकान्यात केळी. खिडकीतल्या अधिकाऱ्याने दुभाष्यामार्फत विचारले, मुलगा तिकडे, नातू तिकडे, मग तुम्ही परत कशावरून याल? आक्का म्हणाल्या, "बाग निसवलीये माझी." आमच्याकडे हे उत्तर पुरेसे आहे. केळफूल बाहेर पडले, आता थोड्या महिन्यांत घड कापणीला येणार, अशा वेळी बाग टाकून कोण राहील? दुभाष्या मुंबईचा, तरुण. त्याने काय सांगितले कोण जाणे. नकार त्यामुळेच मिळाला असे मी म्हणणार नाही. हातात एक छापील चिठ्ठी मिळाली आणि त्या रात्रीच्या गाडीने त्या परत आल्या.

दुसऱ्यांदा गेल्या तेव्हा आम्ही उत्तर बदलले. पीक कधी येते, किती घड, कापणी कोण करणार, हे सरळ शब्दांत पाठ करून. मिळाला व्हिसा. तोवर नातू चालायला लागला होता. ती पहिली चिठ्ठी आक्कांनी टाकली नाही. सातबाऱ्याच्याच पिशवीत ठेवली आहे.