मोतीबिंदूचा हिशेब

तंजावरच्या बृहदीश्वराच्या देवळात भिंतीवर कोरलेला एक प्रदीर्घ मराठी शिलालेख आहे. सरफोजी राजे दुसरे यांनी तो १८०३ मध्ये कोरविला. भोसले कुळाची हकीकत त्यात सांगितलेली आहे. तमिळ मुलुखात, कावेरीच्या काठी, आपली भाषा अशी दगडावर उभी असलेली पाहून महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या तुम्हा-आम्हांस अभिमान वाटावा, हे स्वाभाविक आहे. परंतु आज मला बोलावयाचे आहे ते त्याच राजाने मागे ठेवलेल्या दुसऱ्या एका लेखाविषयी. तो कागदावर आहे. त्यात राजांची नावे नाहीत, लढाया नाहीत. त्यात आहेत सामान्य माणसांचे अधू डोळे.

सरफोजींचा जन्म १७७७ चा. तुळजाजीराजांनी त्यांना दत्तक घेतले. वारशाच्या तंट्यात त्यांचे बालपण कष्टाचे गेले. ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्‌झ या जर्मन मिशनऱ्याने त्यांचा सांभाळ केला व त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था लावली. १७९८ मध्ये ते गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी झालेल्या तहाने राज्याचा कारभार इंग्रज कंपनीकडे गेला. तंजावरचा किल्ला आणि त्याच्या आसपासचा थोडा टापू, एवढीच काय ती सत्ता हाती उरली. अशा स्थितीत पुष्कळ संस्थानिक ऐषआरामात बुडाले. सरफोजींनी ग्रंथ जमविले, छापखाना घातला, शाळा काढल्या आणि वैद्यकाच्या अभ्यासासाठी व रुग्णोपचारासाठी ‘धन्वंतरी महाल’ स्थापन केला. ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने ओळखले जाणारे तमिळ वैद्यकग्रंथ त्यांच्याच आश्रयाखाली तयार झाले. राज्य गेले, तरी जिज्ञासा गेली नाही.

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात या काळातील नेत्रचिकित्सेची टिपणे सुरक्षित राहिली होती. २००३ मध्ये चेन्नईचे विख्यात नेत्रतज्ज्ञ डॉ. एस. एस. बद्रीनाथ यांची राजघराण्यातील विद्यमान वंशजांशी भेट झाली. त्या भेटीत या कागदांचे अस्तित्व त्यांना कळले आणि पुढे नेत्रवैद्यांनी त्यांचा अभ्यास केला. त्यांत ४४ रुग्णांची टिपणे मिळाली. ती इंग्रजीत लिहिलेली आहेत. राजे स्वतः शस्त्रक्रिया करीत आणि प्रवासातही शस्त्रांची पेटी जवळ बाळगीत, अशी समजूत आहे. मॅकबीन नावाचा एक इंग्रज डॉक्टर त्यांच्या साह्यास असे. शस्त्र प्रत्यक्ष कोणाच्या हाती होते, हा प्रश्न मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. महत्त्वाचे हे की, आलेला रोगी कोण, त्याच्या डोळ्याला काय झाले होते आणि काय उपचार केला, हे कोणी तरी लिहून ठेवीत होते. ज्याला आज आपण वैद्यकीय संशोधन म्हणतो, त्याचे बीज या साध्या कृतीत आहे.

हे बीज इतके मोलाचे का, हे कळण्यासाठी त्या वेळची शस्त्रक्रिया कशी होती, ते पाहिले पाहिजे. आपल्या डोळ्यात बाहुलीच्या मागे एक पारदर्शक भिंग असते. ते गढूळ झाले म्हणजे त्याला मोतीबिंदू म्हणतात. यावरील सर्वांत जुना उपाय म्हणजे डोळ्यात शलाका घालून ते गढूळ भिंग वाटेतून दूर, आतल्या बाजूला ढकलून देणे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात या क्रियेचे वर्णन आले आहे. मला त्यात विशेष वाटते ते असे की, सुश्रुत केवळ शलाका कशी घालावी एवढेच सांगून थांबत नाही. शलाका सदोष असली, तर कोणते उपद्रव होतात, ते तो सांगतो. रोग्याला उताणे निजवावे, डोळा तुपाने सिंचून वस्त्राने बांधावा, शिंक, खोकला, ढेकर यांचा आवेग टाळावा, ठराविक दिवसांनी पट्टी सोडून डोळा धुवावा, असे दहा दिवसांचे पथ्य तो घालून देतो. वैद्याने रोग्याजवळ राहावे, हे त्यात गृहीतच आहे.

पुढे ही क्रिया गावोगाव फिरणाऱ्या लोकांच्या हाती गेली, आणि जे गृहीत होते तेच नेमके सुटले. शलाका राहिली, पथ्य राहिले नाही. असा फिरता वैद्य गावात येई. आंधळ्या म्हाताऱ्याच्या डोळ्यात सुई घाली. भिंग खाली गेले की म्हाताऱ्याला त्याच क्षणी उजेड दिसे, समोरची बोटे मोजता येत. जमलेली माणसे थक्क होत. वैद्य आपली बिदागी घेऊन पुढच्या गावाला जाई. आठवड्याने डोळ्यात पू होई किंवा काही महिन्यांनी आतला दाब वाढून काचबिंदू होई आणि डोळा कायमचा जाई. परंतु तोवर वैद्य दूर निघून गेलेला असे. त्याने पाहिलेले सारे रोगी बरे झालेलेच असत! तो लबाड असलाच पाहिजे, असे नाही. स्वतःच्या अपयशाचे दर्शनच त्याला कधी घडत नसे.

ही केवळ आपल्याकडची गोष्ट आहे, असे कोणी समजू नये. जॉन टेलर नावाचा एक इंग्रज नेत्रवैद्य अठराव्या शतकात साऱ्या युरोपभर फिरत होता. १७५० मध्ये लाइपझिग येथे त्याने थोर संगीतकार योहान सेबास्टियन बाख यांच्या डोळ्यांवर शलाकेचीच क्रिया केली. बाखना दृष्टी आली नाही. प्रकृती खालावत जाऊन त्याच वर्षी जुलैमध्ये ते वारले. टेलर मात्र केव्हाच पुढच्या मुक्कामाला गेला होता. जो वैद्य थांबत नाही, तो शिकत नाही, मग तो पूर्वेचा असो की पश्चिमेचा.

त्याच सुमारास फ्रान्समध्ये झाक दाव्हिएल याने निराळी वाट काढली. भिंग ढकलून न देता डोळ्याच्या पुढच्या पटलाला छेद घेऊन ते बाहेर काढावयाचे, ही ती वाट. १७५२ मध्ये पॅरिसच्या शस्त्रवैद्यांच्या परिषदेपुढे त्याने आपला अनुभव मांडला. २०६ शस्त्रक्रिया केल्या, पैकी १८२ साधल्या, असा त्याचा हिशेब होता. शाळेत निकाल सांगताना उत्तीर्ण मुलांची संख्या सर्वच सांगतात. बसलेली मुले किती, हे सांगावयास धैर्य लागते. दाव्हिएलने दोन्ही आकडे सांगितले, आणि त्यामुळे न साधलेल्या २४ डोळ्यांची नोंदही इतिहासात राहिली. पुढच्या वैद्याला जे शिकावयाचे असते, ते बहुधा अशा चोवीसांपासूनच.

तरीही एक अडचण उरत होती. शस्त्रक्रिया ‘साधली’ म्हणजे काय? एकाच्या मते रोग्याला उजेड दिसला की साधली, दुसऱ्याच्या मते त्याला वाचता आले तरच. सरफोजींच्या काळी यासाठी सर्वमान्य माप नव्हते. ते १८६२ मध्ये हॉलंडच्या हेर्मान स्नेलेन याने दिले. डॉक्टरांच्या भिंतीवर वरून खाली लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा जो तक्ता आपण पाहतो, तो त्याचा. निरोगी डोळ्याला जे अक्षर ६० मीटरांवरून दिसते, ते ज्याला ६ मीटरांवर यावे तेव्हाच दिसते, त्याची दृष्टी ६/६० म्हणावयाची. या साध्या तक्त्याने मद्रासचा डोळा आणि लंडनचा डोळा एका मापाने मोजता येऊ लागला. पुढे १८८४ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलर याने कोकेनचे थेंब घालून डोळा बधिर करता येतो, हे दाखविले. तोपर्यंत रोग्याला हे सारे जागेपणी, वेदना सोशीत, हलू न देता करून घ्यावे लागे. तंजावरच्या त्या ४४ रुग्णांनीही ते तसेच सोसले असणार.

मद्रासला १८१९ मध्येच डोळ्यांचे स्वतंत्र इस्पितळ निघाले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील अधीक्षक रॉबर्ट हेन्री एलियट यांच्यापुढे फिरत्या वैद्यांनी हात लावलेले डोळे सतत येत. एलियट यांनी नुसती हळहळ केली नाही. असे डोळे त्यांनी क्रमवार तपासले, नोंदले, निकामी होऊन काढाव्या लागलेल्या डोळ्यांचे छेद घेऊन आत नेमके काय बिघडते ते पाहिले. १९१७ मध्ये लंडनच्या शस्त्रवैद्यांच्या महाविद्यालयापुढे त्यांनी या विषयावर व्याख्याने दिली आणि त्याच वर्षी त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. फिरत्या वैद्यांच्या हातून यशापेक्षा अपयशच फार येते, हे त्यांतून दिसून आले. येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. ज्यांचा डोळा बिघडतो, तेच बहुधा इस्पितळात येतात. ज्यांचा बरा झाला, ते घरीच राहतात. म्हणजे फिरत्या वैद्याला फक्त यश दिसत होते, तर इस्पितळाला अपयश अधिक दिसण्याचा संभव होता. खरा हिशेब हवा असेल, तर दोघांचाही, म्हणजे प्रत्येक रोग्याचा, शेवटपर्यंत माग घेतला पाहिजे.

हे तत्त्व ज्याने कटाक्षाने पाळू पाहिले, असा एक शस्त्रवैद्य म्हणजे लंडनचे हॅरॉल्ड रिडले. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताच्या काचेसारख्या प्लॅस्टिकचे तुकडे शिरत. ते तुकडे आत राहूनही डोळा चिडत नाही, हे रिडले यांच्या ध्यानात आले. मग त्याच पदार्थाचे भिंग करून काढलेल्या भिंगाच्या जागी का बसवू नये? २९ नोव्हेंबर १९४९ रोजी त्यांनी तो प्रयोग केला. तो जाहीर करण्याची त्यांना घाई नव्हती. रोग्यांवर काही काळ नजर ठेवावी आणि मगच बोलावे, असा त्यांचा विचार होता. १९५१ मध्ये ऑक्सफर्डच्या परिषदेत त्यांनी आपले काम मांडले, तेव्हा कडवा विरोध झाला. तो सर्वस्वी अन्यायाचाही नव्हता, कारण पहिली भिंगे जड होती, काही जागची सरकत. त्या दोषांची नोंद झाली म्हणूनच पुढची भिंगे सुधारली.

तंजावरपासून मदुराई काही फार दूर नाही. तेथे १९७६ मध्ये डॉ. गोविंदप्पा व्यंकटस्वामी यांनी अवघ्या ११ खाटांवर अरविंद नेत्ररुग्णालय सुरू केले. कृत्रिम भिंग गरिबांना परवडेल काय, जुन्या जाड चष्म्याने भागणार नाही काय, असा प्रश्न विसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या देशापुढे होता. त्याचे उत्तर कोणाच्या मतावर न सोडता तेथे ३,४०० रुग्णांवर पद्धतशीर परीक्षण करण्यात आले. कोणाला चष्मा व कोणाला भिंग, हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरविले आणि वर्षभर त्यांचा माग ठेवला. कौल भिंगाच्या बाजूने पडला. जाड चष्मा पडला, फुटला की माणूस पुन्हा आंधळा. आतले भिंग तसे हरवत नाही. १९९४ ते २००२ या काळात महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांसह सात राज्यांत मोतीबिंदू-निवारणाची मोठी योजना झाली. तीत तंबूतील शिबिरांकडून इस्पितळाकडे आणि जाड चष्म्याकडून भिंगाकडे काम वळले. १९९८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मानदंड सुचविला की, शस्त्रक्रियेनंतर शंभरांतील निदान ८० डोळ्यांना रोजच्या वापरात ६/१८ किंवा त्याहून चांगली दृष्टी यावी आणि ६/६० हून कमी राहणारे डोळे पाचांपेक्षा अधिक नसावेत. किती शस्त्रक्रिया केल्या, यापेक्षा किती जणांना दिसू लागले, हा प्रश्न आता मध्यभागी आला.

आता हे सारे तुम्हा-आम्हांस कशाला? अशासाठी की, या हिशेबातील अर्धा भाग डॉक्टर लिहितो आणि अर्धा रोग्याला लिहावा लागतो. आपल्याकडे घरातल्या वडीलधाऱ्यांचा मोतीबिंदू काढून आणला, पट्टी सुटली, समोरचे माणूस ओळखू आले की काम झाले, असे आपण समजतो. सहा आठवड्यांनी या, असे सांगितलेले असते. जाणे-येणे, गाडीभाडे, मुलांची रजा यांत ते राहून जाते. डोळ्याला बरे वाटले, तर ‘कशाला जायचे?’ आणि बरे वाटले नाही, तर ‘आपले प्राक्तन!’ दोन्ही वेळा हिशेबाचा कागद कोराच राहतो. न दिसणारी म्हातारी तक्रार करीत नाही. ती भिंत चाचपीत कोपऱ्यात जाऊन बसते, आणि वयापुढे इलाज नाही, असे घर म्हणते. वास्तविक पुष्कळदा योग्य नंबराचा चष्मा देऊन किंवा भिंगामागच्या पडद्यावर आलेली साय काढून ती दृष्टी परत आणता येते. त्यासाठी कोणी तरी तिला पुन्हा तक्त्यासमोर नेऊन उभे केले पाहिजे.

बृहदीश्वराच्या भिंतीवरील लेख राजकुळाच्या कीर्तीसाठी होता, आणि दगड असल्याने तो टिकला. सरस्वती महालातील कागद तशा कोणत्याही कीर्तीसाठी लिहिलेले नव्हते. कोणा रयतेच्या डोळ्याला काय झाले व पुढे काय केले, एवढेच त्यांत आहे. ज्या राजाची सत्ता किल्ल्याच्या भिंतीपाशी संपत होती, त्याच्या पदरी हे लिहिले गेले. शस्त्रक्रियेनंतर परत बोलाविलेल्या दिवशी आपल्या घरच्या म्हाताऱ्या माणसाला हाताला धरून घेऊन जाणे, त्या दिवशीची गाडी न चुकविणे, एवढे आपल्या सत्तेत खास आहे.