घरी गेलेल्या रुग्णाची नोंद

शस्त्रक्रियेची जखम पुष्कळदा रुग्णालयात चिघळतच नाही. रुग्ण घरी जातो, आठवडाभराने टाक्यांची जागा लाल होते, पू धरते. रुग्णालयाच्या दप्तरी मात्र तो ‘बरा होऊन गेला’ असाच राहतो.

ही उणीव बोस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांना शंभर वर्षांपूर्वीच खुपली होती. प्रत्येक रुग्णाची पत्रिका ठेवावी, वर्षभराने त्याला पुन्हा तपासावे आणि उपचार फसला असेल तर का फसला ते लिहावे, एवढीच त्यांची मागणी. १९११ मध्ये त्यांनी स्वतःचे छोटे रुग्णालय काढले. १९१६ पर्यंतच्या ३३७ रुग्णांमागे १२३ चुका नोंदवल्या आणि त्या छापून प्रसिद्धही केल्या! दरम्यान, मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात नेमणुका ज्येष्ठतेवर होतात, निष्पत्तीवर नव्हे, म्हणून १९१४ मध्ये तेथील पद सोडले. जानेवारी १९१५ च्या एका सभेत त्यांनी भले मोठे व्यंगचित्र मांडले. वाळूत डोके खुपसलेला शहामृग सोन्याची अंडी देतो आहे आणि डॉक्टर ती वेचताहेत. शहामृग म्हणजे बोस्टनचे धनिक रुग्ण. हा विनोद त्यांना महागात पडला. स्थानिक वैद्यक संघटनेतील पद गेले, हार्वर्डमधील अध्यापनही सुटले.

कॉडमन यांचा आग्रह रास्त होता, याचा आकड्यांतला पुरावा यायला सत्तर वर्षे लागली. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका विस्तृत पाहणीत असे दिसले की, संसर्गाची पद्धतशीर मोजणी व प्रतिबंध करणाऱ्या, शल्यविशारदांना त्यांचे-त्यांचे प्रमाण कळवणाऱ्या रुग्णालयांत संसर्ग सुमारे एक तृतीयांशाने घटला होता. २००७-०८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची १९ कलमी तपासयादी नवी दिल्लीसह आठ शहरांत वापरून पाहिली गेली. जखमेच्या संसर्गाचे प्रमाण ६.२ वरून ३.४ टक्क्यांवर आले.

भारतात अलीकडे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने दिल्ली, मणिपाल आणि मुंबई येथील तीन रुग्णालयांत तीन हजारांहून अधिक रुग्णांचा घरी गेल्यावरही सहा महिने पाठपुरावा केला. संसर्गाचे प्रमाण ५.२ टक्के निघाले. त्यांतील सुमारे दोन तृतीयांश संसर्ग रुग्ण घरी गेल्यानंतर उघडकीस आले. पाठपुरावाच केला नसता, तर याच रुग्णालयांच्या कागदांवर पावणेदोन टक्क्यांच्या आसपासचा आकडा दिसला असता.