यात्रेच्या वाटेवरचा बाजार

आजचा विषय आहे ख्रिस्ती भाविकांची पवित्र भूमीची यात्रा. पण सुरुवात आपण यरुशलेमपासून करायची नाही. ती करू इथूनच, वाशीच्या एपीएमसी मार्केटमधून.

बायबलच्या जुन्या करारात ‘अनुवाद’ नावाचं पुस्तक आहे. त्याच्या ८व्या अध्यायात त्या भूमीची ओळख करून दिलीय ती पिकांवरून : गहू, सातू, द्राक्षं, अंजीर, डाळिंब, जैतून आणि मध. हा मध खजुराचा असावा, असं बरेच अभ्यासक मानतात. आता बघा, गहू आपल्या धान्य बाजारात, द्राक्षं-डाळिंबं फळ बाजारात, खजूर मसाला बाजारात. जैतून तेवढं आपल्या मातीतलं नव्हे. म्हणून मराठी बायबलात त्याचं अरबी वळणाचं नावच राहिलं.

ही यादी आम्ही नुसती गंमत म्हणून सांगत नाही. प्राचीन काळची यरुशलेमची यात्रा या पिकांवरच उभी होती. वल्हांडण सण सातूच्या कापणीच्या सुमारास, पुढे सात आठवड्यांनी गव्हाचा सण आणि द्राक्षं-फळं घरात आली की मंडपांचा सण. वर्षातून तीनदा माणसं गटागटानं यरुशलेमची वाट धरत. लूकच्या शुभवर्तमानात बारा वर्षांचा येशू असाच यात्रेला गेलेला दिसतो. परतताना आईवडील एक दिवसाची वाट चालून जातात, कारण पोर नातेवाइकांबरोबर असेल असंच त्यांना वाटतं. पंढरीची वारी पाहिलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

आता अडचण अशी, की लांबच्या शेतकऱ्यानं धान्याचा दशमांश एवढ्या दूर न्यायचा कसा? त्याच पुस्तकाच्या १४व्या अध्यायात यावर तोड आहे : माल गावी विका, पैसे गाठीला बांधा आणि तिथं पोचल्यावर हवं ते विकत घ्या. म्हणजे यात्रेबरोबर बाजार आलाच. मंदिराच्या करासाठी सोर शहराचं चांदीचं नाणं लागे, म्हणून सराफ आले. अर्पणासाठी कबुतरं लागत, म्हणून ती विकणारे आले. कबुतर हे गरिबाचं अर्पण. मरियेनंही बाळ येशूच्या वेळी तेच दिलं होतं. पुढे येशूनं मंदिराच्या आवारात चौरंग उलथवले, त्यात सराफांबरोबर कबुतरं विकणारेही होते. बाजार सोयीसाठी आला, पण देवाच्या दारात गरिबाची अडवणूक करू लागला, तर काय? तो प्रसंग वाचताना आम्हाला हा प्रश्न नेहमी पडतो.

इ. स. ७०मध्ये रोमनांनी ते मंदिर पाडलं. ख्रिस्ती यात्रेकरूंच्या नोंदी दिसू लागतात त्या चौथ्या शतकात. ३३३मध्ये बोर्दो गावचा एक यात्रेकरू मुक्कामांची आणि अंतरांची टिपणं ठेवत यरुशलेमला पोचला. ३३५मध्ये ख्रिस्ताच्या कबरीवरच्या चर्चचं समर्पण झालं.

आपल्याकडं मात्र आधी ती भूमीच मराठीत आली. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६मध्ये छापलं गेलं. दहा हजारांहून अधिक ओव्या! ज्याला कधीच जहाजात बसता येणार नव्हतं, त्याच्यापर्यंत बेथलेहेम ओवीतून पोचलं.

पुढे जानेवारी १९९२मध्ये भारत-इस्राएल राजनैतिक संबंध पूर्णपणे प्रस्थापित झाले आणि ही यात्रा सोपी झाली. जॉर्डनमधून नदी ओलांडायची, बेथलेहेम, यरुशलेम, गालील बघायचं, पुढे इजिप्त. सगळं बसमधून, घाईघाईत.

या घाईत काय निसटतं, हे एका मराठी धर्मगुरूनं ओळखलं होतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईचे. हरित वसईच्या चळवळीत शेतजमीन आणि पाणी वाचवण्यासाठी ते उभे राहिले. त्यांनी इस्राएल-पॅलेस्टाईन संघर्षाचा इतिहास लिहिला आणि पुस्तकाला नाव दिलं ‘संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची’. जमीन जाणं म्हणजे काय, हे ज्यानं वसईत पाहिलंय, त्याला ख्रिस्तभूमीत नुसते पवित्र दगड कसे दिसतील?

बेथलेहेममध्ये आजही ख्रिस्ती कुटुंबं राहतात. जैतुनाच्या लाकडात क्रूस आणि मूर्ती कोरणं हा तिथला जुना धंदा. त्या गावाला लागून आता उंच भिंत आहे. २०२०च्या साथीत यात्रेकरू थांबले, ऑक्टोबर २०२३नंतर युद्धामुळं पुन्हा थांबले. बाजार बंद पडला की काय होतं, हे इथल्या माथाडी कामगाराला विचारा. काम नाही, तर त्या दिवसाची मजुरी नाही.

म्हणून एखाद्या चर्चचा गट पुन्हा निघेल, तेव्हा त्यांनी सहल कंपनीला दोन प्रश्न जरूर विचारावेत : बेथलेहेममध्ये मुक्काम आहे का, की तासाभरात बस परत फिरणार? आणि तिथली वस्तू आपण नेमकी कुणाच्या हातून विकत घेणार आहोत?

इथं थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ.