तळटीप : आर्मान्याक

३. आर्मान्याक : नैर्ऋत्य फ्रान्समधल्या गॅस्कनीची द्राक्षांची ब्रँडी. निवेदक मुरलेला व्हिस्कीबाज, तेव्हा बाटलीवरचे १९७३ पाहून त्याने लगेच वजाबाकी केली यात नवल नाही. पण हे साल द्राक्षांच्या हंगामाचे; दारू पिंपात किती वर्षे होती, ते त्यावरून कळत नाही. मनासारखी मुरली की मालक ती ओकच्या पिंपातून काचेच्या मोठ्या बुधल्यांत काढून ठेवतो, आणि तिचे मुरणे तिथेच थांबते. कोन्याक दोनदा गाळतात. ही बहुधा एकदाच, तांब्याच्या उभ्या भट्टीतून, साधारण ५२ ते ६० टक्के मद्यार्कावर उतरवतात. द्राक्षाचा रांगडेपणा तिच्यात उरतो तो त्यामुळे. निवेदकाच्या जिभेवर रेंगाळलेली सुक्या आलुबुखाराची आणि जुन्या अक्रोडाची चव मात्र लाकूड, हवा आणि काळ यांची देणगी. जाणकार तिला ‘रान्सिओ’ म्हणतात. ‘धूर कुठे गेला?’ ही त्याची तक्रार गैरलागू आहे. धुराचा वास स्कॉटलंडच्या काही व्हिस्क्यांत येतो तो पीटच्या जाळावर सुकवलेल्या जवामुळे, आणि इथे जवच नाही. त्याने बर्फ मागितला, त्याचे समर्थन करणे संपादकाला जमलेले नाही.