बाईचं बोलणं कापलं नाही: आनंद पटवर्धनांच्या फिल्मा

आम्ही कळसाडीच्या बचत गटाच्या बाया आज एका फिल्मवाल्या माणसाविषयी बोलणार आहोत. आनंद पटवर्धन, जन्म १९५०, गाव मुंबई. त्यांच्या फिल्मांत हिरो-हिरॉईन नसतात. खरी माणसं, खरं बोलणं असतं. अशा फिल्मेला माहितीपट म्हणतात.

१९७४ मध्ये बिहारात जयप्रकाश नारायणांचं आंदोलन पेटलं, तेव्हा त्यांनी पहिली मोठी फिल्म केली. पुढे आणीबाणी आली आणि ती चोरून परदेशी न्यावी लागली. १९८५ च्या 'हमारा शहर' मध्ये मुंबईत झोपड्या तोडल्या जातात. त्यात एक बाई त्यांनाच झापते, की गरिबाचे फोटो काढून तुम्ही नाव कमावणार, आम्हाला काय मिळणार? दुसऱ्या कुणी ते कापून टाकलं असतं. पटवर्धनांनी ते फिल्ममध्ये ठेवलं.

फ्रान्समध्येही असं झालं होतं. १९६७ मध्ये बेझाँसाँ गावात धाग्याच्या कारखान्यात संप झाला. ख्रिस मार्कर यांनी सोबत्याबरोबर त्यावर फिल्म केली. ती पाहून कामगारांनी नाराजी सांगितली. मग कामगारांनीच कॅमेरा चालवायला शिकून स्वतःच्या फिल्मा केल्या.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. अक्कलकुवा तालुक्यातलं नर्मदाकाठचं मणिबेली तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये झाला. सरदार सरोवराचं पाणी मणिबेलीत शिरू लागलं, त्या काळातला लढा पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांनी 'नर्मदा डायरी' या १९९५ च्या फिल्ममध्ये टिपला. १९९३ मध्ये जागतिक बँकेचं उरलेलं कर्ज सरकारने नाकारलं, पण धरण थांबलं नाही. नर्मदाकाठची अनेक कुटुंबं तळोदा-शहाद्याच्या वसाहतींत आली. त्या बाया आज आपल्या शेजारणी आहेत.

मग फिल्मेचा उपयोग काय? गाव बुडालं, तरी गावाने काय सांगितलं होतं ते बुडालं नाही. कागदावर 'प्रकल्पग्रस्त' एवढंच लिहिलेलं असतं. फिल्ममध्ये तोंड दिसतं, आवाज ऐकू येतो.

ते लोकांपुढे यावं म्हणून पटवर्धन कोर्टातही भांडले. 'जंग और अमन' मध्ये सेन्सॉरने काटछाट सांगितली. २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. दुसरी एक फिल्म दूरदर्शनने दाखवावी, असं २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. ही फिल्म १९९५ ची होती, म्हणजे अकरा वर्षं गेली.

मैत्रिणींनो, गटाचा ठराव वहीत चढला नाही, तर बँकेसाठी तो झालाच नाही, हे आपल्याला पाठ आहे. गावाचंही तसंच आहे. आज कॅमेरा आपल्या मोबाईलमध्ये आहे. शेजारच्या वसाहतीतल्या म्हाताऱ्या बाईला तिच्या बुडालेल्या गावाचं विचारा. तिची परवानगी घ्या, तिच्या बोलीत बोलू द्या. आणि ती आपल्यावर रागावली, तर तेही कापू नका.