नशिबाची चिठ्ठी आणि सरकारचा खजिना

बलिप्रतिपदेला घटकाभर द्यूत खेळावे, अशी मोकळीक आपल्या शास्त्रकारांनीच देऊन ठेवली आहे. त्या दिवसाला द्यूतप्रतिपदा असे दुसरे नावही आहे. तेव्हा ऐन दिवाळीत मी लॉटरीचा विषय काढला म्हणून वडीलधाऱ्यांनी कपाळाला आठ्या घालू नयेत. शिवाय मला सांगायची आहे ती जुगाऱ्यांची गोष्ट नव्हे, सरकारांची आहे. नड भागवण्यासाठी थोरथोर सरकारांनी चिठ्ठ्या विकल्या, आणि त्यांचे पैसे नेमके कोणाच्या खिशातून आले, एवढेच मला पाहायचे आहे.

१६९४ साली इंग्लंडचे फ्रान्सशी युद्ध चालू होते आणि खजिन्यात खडखडाट होता. तेव्हा टॉमस नील नावाच्या गृहस्थाच्या देखरेखीखाली दहा पौंडांची एक, अशी एक लाख तिकिटे विक्रीस निघाली. म्हणजे दहा लाख पौंड! गंमत अशी, की ज्याला काहीच लागले नाही त्यालाही सोळा वर्षे दरसाल एक पौंड मिळायचा होता. निदान कागदावर तरी कोणीच बुडत नव्हते. हे खरे म्हणजे कर्जच. लोकांनी हौसेने द्यावे म्हणून त्याला बक्षिसांची झालर लावलेली होती.

पुढे ही झालर तेवढी राहिली. लंडनचे ब्रिटिश म्युझियम आपण ऐकून असतो. १७५३ मध्ये सर हॅन्स स्लोन हे डॉक्टर वारले आणि आपला अफाट संग्रह वीस हजार पौंडांत राष्ट्राला द्यावा, असे मृत्युपत्रात लिहून गेले. पैसे आणायचे कोठून? पार्लमेंटने लॉटरी काढली. तीन पौंडांची एक लाख तिकिटे, जमा तीन लाख. त्यातले दोन लाख बक्षिसांत वाटले आणि उरलेल्या लाखातून खर्च भागवून संग्रहालय उभे राहिले. हिशेब पोरालाही कळेल असा आहे: तीन पौंड देणाऱ्याच्या हाती सरासरीने दोन पौंडांची आशा पडत होती. तिसरा पौंड हा कर. पण कर म्हटला की लोक कुरकुरतात, आणि इथे तर रांगा लागल्या! पीटर लीहप नावाच्या अधिकाऱ्याने खोट्या नावांनी तिकिटे लाटून बक्कळ नफा कमावला. पुढे त्याला एक हजार पौंड दंड झाला, पण कमाईच्या मानाने तो दंड किरकोळच म्हणायचा.

त्या काळची सोडत हा मोठा प्रेक्षणीय सोहळा असे. दोन मोठी चाके. एकात तिकिटांचे आकडे, दुसऱ्यात बक्षिसांच्या आणि कोऱ्या चिठ्ठ्या. क्राइस्ट्स हॉस्पिटल या शाळेतली निळ्या अंगरख्याची मुले एकेक चिठ्ठी काढीत, आणि सारा कारभार कित्येक दिवस चाले. १७७५ मध्ये एका मुलाला कोणी फितवून चिठ्ठी लपवायला लावली. तेव्हा हुकूम सुटला: मुलांचे खिसे शिवून टाकावेत, डावा हात पाठीमागे कमरपट्ट्यात अडकवावा आणि उजव्या हाताची बोटे पसरून ठेवावीत. सरकारला पोरांच्या बोटांची एवढी काळजी!

खरा प्रकार मात्र चाकांच्या बाहेर चालला होता. तीन पौंड म्हणजे लंडनच्या मजुराची जवळजवळ महिन्याची कमाई. तिकीट त्याच्या आवाक्याबाहेरचे. म्हणून गल्लीबोळांत आकड्यांचा 'विमा' उतरवणारी दुकाने निघाली. अमुक आकडा उद्या निघेल, असे म्हणून थोडी नाणी लावायची. निघाला तर पैसे, नाही तर हरी हरी. आपल्याकडे कापसाच्या भावांवरून जो मटका सुरू झाला, त्याचा हा विलायतेतला थोरला भाऊच. सोडत कित्येक दिवस चाले, आणि दर दिवशी घरातली एकेक वस्तू गहाण पडे. या विम्यातून सरकारला छदामही मिळत नव्हता, पण मूळ चाक सरकारचेच होते. १८०८ मध्ये पार्लमेंटच्या समितीने या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले, आणि १८२६ साली इंग्लंडात शेवटची सोडत झाली.

तोवर हे रोप कंपनी सरकारने कलकत्त्यात रुजवले होते. तिथला टाउन हॉल १८१३ मध्ये पुरा झाला तो लॉटरीच्या पैशावर. १८१७ मध्ये तर चक्क लॉटरी कमिटी नेमली गेली. आज पुस्तकांच्या दुकानांनी गजबजलेला कॉलेज स्ट्रीट, ज्याला आता बिधान सरणी म्हणतात तो कॉर्नवॉलिस स्ट्रीट, गंगेकाठचा स्ट्रँड रोड, शिवाय कित्येक तलाव, हे तिचेच काम. मी तर म्हणेन, रस्ते उत्तम झाले. विलायतेत लोकमत फिरल्यावर १८३६ मध्ये कमिटी गुंडाळली गेली.

१८७० मध्ये हिंदुस्थानच्या दंडविधानात कलम आले, की परवानगीवाचून लॉटरीची कचेरी चालवणे हा गुन्हा. सरकारने मान्य केलेली लॉटरी त्यातून वगळली होती. २०२४ पासून नवी न्याय संहिता अमलात आली, तरी ती पळवाट कायम आहे. त्याच वाटेने १९६७ मध्ये केरळ सरकारने आपली लॉटरी काढली: तिकीट एक रुपया, पहिले बक्षीस पन्नास हजार. १२ एप्रिल १९६९ ला महाराष्ट्राचीही सुरू झाली. लोकांना मटक्यापासून परावृत्त करावे, आणि विकासाला पैसा मिळावा, हे तिचे सांगितलेले हेतू. तीन पौंडांचे तिकीट मजुराला परवडत नव्हते, म्हणून लंडनात विम्याची दुकाने निघाली होती. एक रुपयाचे तिकीट मात्र त्याला नाक्यावरच्या दुकानातूनच घेता येऊ लागले.